कॉल आला की पाय थांबवा : पायी जंगल दाखवणाऱ्या नव्या गाइडसाठी

नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या सिल्लारी किंवा चोरबाहुली गेटवर चार-पाच हंगाम सफारीच्या जिप्सीत काढलेला गाइड जंगल चांगलं ओळखतो. झाडं, पाखरं, ठसे, कॉल (धोका दिसला की जनावरं ओरडून देतात तो इशारा), सगळं त्याला येतं. तरी त्याला पायी फेरीसाठी तयार करायचं म्हटलं की सुरुवातीचे दिवस नवं शिकवण्यापेक्षा जुनं सोडवण्यात जातात. जिप्सीतली सगळी सवय एकाच दिशेची असते. सांबर ओरडलं की गाडी तिकडे. चितळांच्या शेपट्या वर झाल्या की गाडी तिकडे. वाघ वाटेवर बसलेला दिसला की इंजिन बंद करून थांबायचं आणि फोटो होईपर्यंत हलायचं नाही. पायी असताना यातली प्रत्येक गोष्ट उलटी करावी लागते. कॉल आला की आधी पाय थांबतात, मग कान लागतात, आणि बहुतेक वेळा वाट बदलते.

गाडीला सरावलेला वाघ पायी माणसाला सरावलेला असतोच असं नाही. तोच वाघ जिप्सीशेजारून शेपटी हलवत निघून जातो आणि त्याच जागी उभा माणूस दिसला तर दबकतो, गुरगुरतो किंवा झाडीत शिरून तिथूनच आपल्याकडे बघत राहतो. हे एकदा नीट समजलं की बाकीचं प्रशिक्षण सोपं जातं.

आधी नियमाचं सांगतो. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात पर्यटकाला गाडीतून उतरायला परवानगी नसते. पायी फिरणं होतं ते गाभ्याभोवतीच्या बफरमधल्या किंवा प्रादेशिक वनातल्या, वनविभागाने आखून दिलेल्या पायवाटांवर, वनविभागाचा माणूस किंवा नोंदणी झालेला गाइड सोबत घेऊनच. शेजारच्या मध्य प्रदेशात सातपुडा व्याघ्र प्रकल्प पायी सफारीसाठी ओळखला जातो. आपल्याकडे बीटवरचा, म्हणजे नेमून दिलेल्या जंगलाच्या तुकड्यावरचा, वनरक्षक रोज पायी फिरतो आणि खरं सांगायचं तर या विद्येचे मास्तर तेच आहेत. दर चार वर्षांनी होणाऱ्या देशव्यापी व्याघ्रगणनेत मांसाहारी प्राण्यांच्या खुणा शोधत पाच-पाच किलोमीटरच्या वाटा हीच मंडळी तुडवतात. नव्या गाइडने पहिला महिना एखाद्या जुन्या वनरक्षकाच्या मागे चालावं आणि तो कुठे थांबतो तेवढंच बघावं.

दक्षिण आफ्रिकेत पायी सफारीच्या गाइडकडे रायफल असते. आपल्याकडे हातात काठी असते, एवढंच. म्हणून इथे सगळा भर अंतरावर. कुठल्याही भेटीनंतर दोन प्रश्न विचारायचे: कोणी कोणाला आधी पाहिलं, आणि किती पावलांवर? आपण प्राण्याला ऐंशी पावलांवर आधी पाहिलं तर जवळपास काहीच बिघडत नाही. दहा पावलांवर दोघांनी एकमेकांना एकदम पाहिलं तर काय होईल ते आपल्या हातात राहत नाही.

अंतर डोळ्याने ओळखता यायला पाहिजे, आणि ते सरावानेच येतं. आपलं एक पाऊल साधारण पाऊण मीटरचं. पन्नास पावलं म्हणजे सदतीस-अडतीस मीटर. यासाठी पोत्याचा सराव फार कामाचा. गोणपाटाचं एक पोतं पाल्याने भरून रानडुकराच्या उंचीचं करायचं, एकाने ते वाटेच्या आजूबाजूला झाडीत ठेवून यायचं, बाकीच्यांनी नेहमीच्या चालीने चालत जायचं आणि पोतं दिसलं की पावलं मोजायची. नोव्हेंबरात गवत छातीपर्यंत असतं, तेव्हा अनेकांना ते दहा-बारा पावलांवर येईपर्यंत दिसत नाही. एप्रिलात सागाची पानं गळून गेली की तेच पोतं साठ पावलांवरून डोळ्यात भरतं. एकच वाट, पण या दोन वेगळ्या महिन्यांत दोन वेगळी जंगलं. म्हणून पावसाळा संपल्यावर लगेच गवताळ वाटांवर पायी फेरी नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गवत लोळेपर्यंत, म्हणजे डिसेंबर उजाडेपर्यंत, मोकळ्या सागवनातल्या आणि तलावाकाठच्या वाटा पुष्कळ झाल्या.

वाऱ्यासाठी चुलीतली चाळलेली राख पातळ कापडात बांधून पुरचुंडी खिशात ठेवा. बोटाने टिचकी मारली की राख कुठे जाते ते दिसतं. थंडीत पहाटे गार हवा नाल्यातून उताराकडे वाहते, ऊन चढलं की तीच उलटी, चढाकडे. त्यामुळे सकाळी सातला बरोबर असलेली वाट नऊला चुकीची होऊ शकते. चितळ, सांबर, पाखरं बघायची असतील तर वारा तोंडावर हवा. पण अस्वलाचा भाग असेल तर वारा पाठीवर घ्या. अस्वलाची नजर कमजोर, कानही खाण्याच्या नादात बंद, नाक मात्र तल्लख. आपला वास आपल्या पुढे पोचला की ते आपणहून बाजूला होतं. दिसलं नाही म्हणून पर्यटक हिरमुसले तरी चालेल.

सूर्य शक्यतो पाठीशी ठेवा. नागपूरकडे जानेवारीत सूर्य सातच्या जरा आधी उगवतो, मे अखेरीस साडेपाचला. उजेड पूर्ण झाल्याशिवाय पहिलं पाऊल टाकायचं नाही. उन्हाळ्यात नऊ-साडेनऊला परत फिरायचं, कारण मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि दमलेला, तहानलेला माणूस सूचना ऐकत नाही. आणखी एक कारण आहे. मार्चनंतर वाघ दिवसाढवळ्या पाण्यात बसतो. गाडीतून पाणवठा गाठण्याची जी वेळ, ती पायी माणसाने पाणवठ्यापासून लांब राहण्याची वेळ. उन्हाळी वाट आखताना नाल्यातले डोह, कृत्रिम पाणवठे आणि दाट जांभळीखालची सावली नकाशावर आधी खुणावून घ्या, आणि प्रत्येकापासून दोनशे पावलं सोडून वाट काढा.

आता ठसे. पगमार्क ओळखणं जिप्सीच्या गाइडला येतंच. पायी चालणाऱ्याला "कोणाचा" यापेक्षा "कधीचा" हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. फुफाट्यातला ताजा ठसा बसून, तिरक्या उजेडात बघा (बसायचं ते एकट्याने, आणि दुसरा गाइड उभा राहून चौफेर बघत असताना). ताज्या ठशाची कड धारदार असते, तळव्याच्या मागच्या तीन पाकळ्या स्पष्ट असतात, आतली माती गुळगुळीत दाबलेली असते. थंडीत दंव पडल्यावर धुळीवर बारीक ठिपके पडून एक पातळ पापुद्रा तयार होतो. ठशाच्या आतही तसेच ठिपके असतील तर जनावर दंव पडण्याआधी गेलं. पापुद्रा मोडून ठसा खाली दबलेला असेल तर ते पहाटे गेलं आहे, म्हणजे कदाचित अजून जवळ आहे. ठशावरून किड्याच्या पायांची शिवण गेली आहे का, वाळकं पान पडलंय का, कडा वाऱ्याने ढासळल्यात का, हेही बघा. नाल्याच्या ओल्या वाळूत ठशात पाणी झिरपताना दिसलं तर तिथे उभं राहून चर्चा करत बसू नका. आधी मागे फिरा.

बिबट्याच्या मापाचे ठसे दोन-तीन जोड्यांनी एकत्र दिसले की नवखा गाइड "बिबट" म्हणून मोकळा होतो. बिबट एकटा फिरतो. लहान ठसे जोडीने असतील तर आजूबाजूला पाच-पन्नास पावलांत एका मोठ्या मादीचा ठसा शोधा. तो सापडला की बछड्यांची वाघीण आहे, आणि त्या दिवशी ती वाट बंद. अस्वलाचा ठसा चुकत नाही. पाच बोटं जवळजवळ एका ओळीत, आणि त्यांच्या पुढे बरंच अंतर सोडून नखांच्या टोकांची पाच छिद्रं. मागचा पाय अनवाणी माणसाच्या पायासारखा. तरसाच्या ठशात नखं उमटतात आणि पुढचा पंजा मागच्यापेक्षा मोठा असतो.

वासाचंही लक्षात ठेवा. वाटेकडेच्या झाडाच्या बुंध्याजवळ भंडाऱ्याचा चिन्नोर शिजत असल्यासारखा सुगंधी भाताचा वास आला तर तिथे वाघाने किंवा बिबट्याने फवारा मारलेला आहे. सुगंधी तांदळात जो घटक असतो तोच त्यात सापडतो. दुसरा वास सडक्या मांसाचा. त्यासोबत खालच्या फांद्यांवर कावळे आणि टकाचोर गोळा झालेले, निळ्या माश्यांची घोंघों, आणि गवत एका दिशेने आडवं पाडत गेलेली ओढल्याची खूण दिसली की समजा शिकार इथेच आहे. मोठं जनावर मारलं की वाघ दोन-चार दिवस ते सोडत नाही. या खुणेमागे एक पाऊलही पुढे जायचं नाही, अगदी "फक्त बघून येतो" म्हणूनसुद्धा.

कॉलबद्दल नव्या गाइडची पहिली चूक ठरलेली. तो कॉल वाघावर आहे असं गृहीत धरतो. पायी असताना पहिला प्रश्न हा, की कॉल आपल्यावर तर नाही? चितळ पाय आपटत, मान ताणून आपल्याकडेच बघत ओरडत असेल तर कारण आपण आहोत. थांबा, वळसा घ्या, त्याला शांत होऊ द्या. ते आपल्याकडे पाठ करून दुसरीकडे कान रोखून ओरडत असेल तर मात्र त्याच्या नजरेची रेघ पकडा. चितळ घाबरट, रानमांजर दिसलं तरी कॉल देतं. टिटवी तर कशावरही ओरडते. भेकर भुंकायला लागलं की दहा मिनिटं भुंकतं. सांबराचा ढणकन येणारा एकेक कॉल मात्र गंभीरपणे घ्यावा. झाडाच्या शेंड्यावरचं वानर सगळ्यात उपयोगी, कारण त्याला वरून दिसतं आणि त्याचं तोंड धोक्याकडे असतं. दोन ठिकाणची वानरं कुठे बघताहेत ते पाहिलं तर रेघा जिथे मिळतात तिथे जनावर आहे. आणि कॉल थांबले म्हणजे वाघ गेला असं समजू नका. तो बसला की दिसेनासा होतो आणि कॉल बंद पडतात. वानरं खाली जमिनीवर उतरून खायला लागली की मग वाट मोकळी समजा.

आता वाघ समोर आलाच तर. गाइडचा डावा हात मागे आडवा होतो, हीच थांबण्याची खूण. कोणी ओरडत नाही, बसत नाही, वाकत नाही. वाकलेला माणूस चौपायासारखा दिसतो. तेंदूपानं तोडणारे आणि मोहफुलं वेचणारे लोक हल्ल्यात सापडतात, त्यात हे वाकणं मोठं कारण. ग्रुप एकमेकांजवळ सरकतो, लहान मुलं आणि बुटकी माणसं मध्ये. पुढचा गाइड वाघावरून नजर काढत नाही, मागचा गाइड मागची वाट बघतो. दोघांनी एकाच दिशेला बघायचं नाही, कारण जोडी असू शकते, बछडे असू शकतात. मग वाघाचं वाचन. तो चालत होता आणि थांबून बघतोय, कान उभे, शेपटी सैल: बहुतेक वेळा दहा-वीस सेकंदांत तो आपणच वळतो. त्याला जायला वाट आहे का ते बघा. आपण नेमके त्याच्या वाटेत उभे असू तर तिरकं मागे सरका. कान मागे फिरून कानांमागचे पांढरे ठिपके समोरून दिसायला लागले, शेपटीचं टोक झटके देऊ लागलं, अंग जमिनीला टेकलं, गुरगुर आली, तर आपण शिकारीच्या किंवा पिल्लांच्या फार जवळ आलो आहोत. एकेक पाऊल मागे, तोंड त्याच्याकडेच, पाय उचलण्याआधी मागची जमीन चाचपून. वाघ पुढे सरकला तर मागे सरकणं थांबवा, सरळ उभे राहा, काठी जमिनीवर आपटा आणि भरड्या, खालच्या आवाजात ओरडा. किंकाळी नको. दगड मारायचा नाही. पळायचं तर नाहीच. दृष्टीआड झाल्यावरही शंभर पावलं तशीच सावकाश चाल ठेवायची, कारण तिथेच लोकांचा धीर सुटतो आणि पहिला माणूस धावायला लागतो.

इथे ताडोबातली घटना सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये व्याघ्रगणनेच्या खुणा-सर्वेक्षणात एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. सोबत तीन मजूर होते. सुमारे 200 मीटरवर वाटेत वाघीण बसलेली दिसली. पथक जवळपास अर्धा तास थांबलं, मग झाडीतून वळसा घालून जायला निघालं. वाघिणीला चाहूल लागली आणि तिने मागून गाठलं. त्या वनरक्षक सगळ्यांत मागे होत्या. या घटनेत कोणाला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यांनी थांबून वाट पाहिली होती, सरळ पुढे घुसले नव्हते. पण आपल्यासारख्यांनी यातून एक नियम पक्का करायला हवा: वाटेत वाघ बसला असेल तर वळसा नाही, माघार. मोकळ्या वाटेवर 200 मीटर दिसतं. वळशासाठी झाडीत शिरलं की तीच नजर पंधरा पावलांवर येते, आणि वाघ कुठे आहे ते आपल्याला कळत नाही, आपण कुठे आहोत ते त्याला कळतं. पर्यटकांची फेरी अर्धवट राहिली तर राहू द्या. आणि रांगेच्या शेवटी एकटा माणूस ठेवू नका. मागचा गाइड आणि शेवटचा पर्यटक यांच्यात दोन-तीन पावलांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही.

पण नागपूरच्या आजूबाजूच्या जंगलात मला विचाराल तर पायी माणसाने वाघापेक्षा अस्वलाचा धसका जास्त घ्यावा. वाघ बहुतेक वेळा आपल्याला आधी ओळखतो आणि टाळतो. अस्वल वारुळात तोंड खुपसून बसलेलं असतं, त्याला आपण दहा पावलांवर येईपर्यंत पत्ता नसतो, आणि दचकलेलं अस्वल पळण्याऐवजी अंगावर येतं. ते बहुधा तोंड आणि डोकं धरतं. पुढच्या पायांची नखं तीन-चार इंची असतात.

ते आधी कळतं ते आवाजावरून. वारूळ फोडून अस्वल आधी फूss करून माती उडवतं आणि मग नळीसारख्या ओठांनी वाळवी ओढून घेतं. लोहाराचा भाता चालावा तसा हा फूत्कार आणि सुर्रकन ओढण्याचा आवाज शांत सकाळी शंभर पावलांवरूनही ऐकू येतो. म्हणून अस्वलाच्या भागात दर पन्नास पावलांवर थांबून पूर्ण अर्धा मिनिट ऐकायचं. सागाचा पाला पापडासारखा वाजतो, चालताना दुसरं काही ऐकू येत नाही. वारुळात कोपरभर खोल खड्डा, कडेला नखांचे समांतर ओरखडे आणि माती अजून ओली, गडद असेल तर खोदणारा लांब गेलेला नाही. विष्ठेत हिवाळ्यात बोराच्या बिया, उन्हाळ्यात मोहाचा लगदा, जूनमध्ये जांभळाच्या बिया दिसतात. त्यावरून सध्या ते कोणत्या झाडांखाली येतं ते ठरवा आणि ती झाडं टाळा. मार्च-एप्रिलात मोहाखाली रात्रभर अस्वलं असतात आणि पहाटे चार-पाचला टोपली घेऊन गावची माणसं येतात. मोहफुलांच्या दिवसांत पायी फेरी मोहाच्या पट्ट्यातून न्यायचीच नाही.

झाडोरा दाट असेल, पंधरा पावलांपलीकडे दिसत नसेल, तर गप्प चालण्याचा हट्ट सोडा. नवे गाइड पर्यटकांना "शूऽऽ" करत राहतात, ते अशा जागी चुकीचं आहे. नेहमीच्या आवाजात बोला, काठी दगडावर ठोका, वळणाआधी खोकला. अस्वल लांब आणि बेखबर दिसलं तर आल्या वाटेने मागे. मागच्या पायांवर उभं राहिलं तर घाबरू नका, ते वास घेऊन समजून घ्यायचा प्रयत्न करतंय. शांत आवाजात बोलत मागे सरका, म्हणजे माणूस आहे ते त्याला कळतं. पाठीवर पिल्लं असतील तर अंतर दुप्पट धरा. अंगावर धावून आलं तर सगळे एकत्र, काठ्या वर, मोठा आवाज. बऱ्याचदा ते मध्येच थांबतं. धरलंच तर पालथे पडा, बोटं मानेमागे गुंफा, कोपरं कानाशी, पाठीवरची बॅग काढू नका, आणि ते निघून जाईपर्यंत हलू नका. झाडावर चढण्याचा काही उपयोग नाही, अस्वल आपल्यापेक्षा चांगलं चढतं. जखमेवर स्वच्छ कापडाने घट्ट दाब द्या, लोंबणारी कातडी जागेवर बसवून बांधा, आणि 108 ला फोन.

गव्यासाठी एवढंच: कळपापेक्षा एकटा बैल जास्त हट्टी. तो आडवा उभा राहून अंग दाखवू लागला, मान खाली, फुस्स करून श्वास सोडला, तर वाट त्याची. जाड बुंध्याच्या आडोशाने मागे व्हा. रानडुकराची पिल्लांची मादी आणि चिखलात लोळणारा एकटा सुळेवाला नर, दोघांनाही सरळ रेषेत मागे न जाता बाजूला होऊन वाट द्या. सुळा मांडीला लागतो. रानकुत्री माणसाच्या वाटेला जात नाहीत, पण त्यांनी मारलेल्या जनावरापाशी वाघ येऊ शकतो. हत्ती आपल्या बाजूला नाहीत. 2021 मध्ये छत्तीसगडमार्गे गडचिरोलीत आलेला कळप आहे, तिकडे जाणाऱ्याने हत्तीचं वेगळं शिक्षण घ्यावं.

बिबट नागपूर शहराला चिकटलेल्या गोरेवाड्याच्या जंगलातही आहे. त्याच्याशी वागणं वाघासारखंच, फक्त मुलांचा हात सोडू नका.

बफरच्या शेतांजवळ आणखी एक गोष्ट असते जी जनावर नाही. तूर, चणा उभा असतो तेव्हा काही जण डुकरांसाठी कुंपणाच्या तारेत चोरून करंट सोडतात. यात वाघही मेले आहेत, माणसंही. शेताच्या धुऱ्यावरून (बांधावरून) अंधारात कधीच जायचं नाही. जमिनीपासून फूट-दीड फुटावर ताणलेली एकेरी तार, लाकडी खुंट्या, खांबावरून आलेली आकडी दिसली की मागे फिरा आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

या सगळ्यात पळायचं ते एकाच जिवापासून: आग्या मोहोळ. उंच अर्जुन, सावर, कुलू किंवा कड्याखाली हातभर रुंद उघडी काळसर पोळी लोंबत असतात. धूर, अत्तर, दगड, पोळी फोडणारा मधबाज पक्षी यांनी ती उठतात. म्हणून गेटवरच अत्तर-परफ्यूम लावलेल्यांना तोंड-मान धुवायला सांगा आणि विडी-सिगारेट गाडीत ठेवायला लावा. एखादी माशी डोक्याभोवती सलग घिरट्या घालू लागली की शांतपणे तिथून निघा, हात झाडू नका. डंख मारला की त्यातून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि तो बाकीच्यांना बोलावतो. मग दुपट्टा, शेला, जे असेल ते तोंडावर ओढून पळा, दोन-तीनशे पावलं तरी, झुडपांतून. पाण्यात उडी मारू नका, त्या वर थांबतात. काटे चिमटीत धरून न ओढता नखाने किंवा कार्डाने खरवडून काढा. दहा-वीसपेक्षा जास्त डंख असतील किंवा ओठ सुजले, दम लागला, तर थेट दवाखाना.

साप चावल्यावर वेळ वाया जातो तो बांधण्यात, कापण्यात आणि साप शोधण्यात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर एकच लस चालते, त्यामुळे साप पकडून नेण्याची गरज नाही. अंगठ्या, तोडे, बूट काढा, हात किंवा पाय काठी लावून न हलेल असा सैलसर बांधा, माणसाला चालवू नका, उचलून न्या. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात लस आहे का हे फेरी सुरू होण्याआधी फोन करून विचारलेलं असावं. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही मोठी सरकारी रुग्णालयं आहेतच, पण पेंचच्या कोलितमारा गेटहून तिथे पोचायला लागणारा वेळ विसरू नका.

गेटवर पाच मिनिटांचं बोलणं असतं, ते पाठ असावं पण पाठांतर वाटू नये. "ताई, दादा, चालताना माझ्या पुढे कोणी जायचं नाही. हात असा आडवा झाला की थांबायचं, बोलायचं नाही, फोन खिशात. मी मागे म्हटलं की मागे, का ते नंतर विचारा. कोणाला फोटोसाठी बसायचं असेल तर आधी मला सांगा." सहा, फार तर आठ माणसं. दोन गाइड. पांढरे, लाल, भडक कपडे बदलून येऊ द्या. माणशी उन्हाळ्यात तीन-चार लिटर पाणी. गाइडच्या झोळीत चार-सहा इंची क्रेप पट्ट्या तीन, जाळीचं कापड, ओआरएसची पाकिटं (एक पाकीट एक लिटरला, कमी पाण्यात कालवू नका), शिट्टी, टॉर्च, एक मोठा शेला. काठी तेंदूची किंवा भरीव वेळूची, छातीइतकी उंच, खाली लोखंडी टोक नको, दगडावर खणखणतं.

परत आल्यावर वही. दक्षिण आफ्रिकेतल्या शिकाऊ गाइडला चाललेले तास आणि जवळून झालेल्या भेटी नोंदवाव्या लागतात, ती पद्धत इथेही घ्यावी. तारीख, वेळ, वाट, वारा कुठून, किती दिसत होतं, कोणता प्राणी, आधी कोणी पाहिलं, किती पावलांवर, तो कसा वागला, आपण काय केलं. एक रकाना मात्र वाढवा: "भेट टळली". ताजा ठसा बघून फिरलो, सांबराचा कॉल ऐकून वाट सोडली, वारुळाची ओली माती बघून वीस मिनिटं थांबलो. ही नोंद जिप्सीच्या गाइडला सुरुवातीला रिकामी वाटते, त्यात दाखवण्यासारखं काही नसतं. महिनाभराने वही उघडून हा रकाना मोजा, आणि आधी प्राण्याने पाहिलेल्या भेटी मोजा. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा असेल तर त्या माणसाला अजून एक हंगाम मागेच चालवा.